वादळवाऱ्याच्या दिवसांत सोलार आणि पवनचक्कीवर किती विसंबायचं?

येळ्ळूरचा शेतकरी:
गेल्या जुलैत झाड तारांवर पडलं आणि आमच्या गल्लीत अडीच दिवस लाइट नव्हती. घरावर तीन किलोवॅटचं सोलार आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लख्ख ऊन पडलं, तरी घरात करंट नाही. आईला ऑक्सिजनचं मशीन लागतं. शेवटी तिला गाडीत घालून बहिणीकडं शहापूरला नेलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ऊन-वाऱ्याची वीज चांगल्या दिवसांपुरती. कोळसा आणि धरणाची वीज मागं सारून तिच्या नादी लागणं मला धोक्याचं वाटतं. पटत नसेल तर खोडून काढा.

निपाणीकर:
आईंचं वाचून जीव कळवळला. पण अण्णा, तुमचं सोलार ऑन-ग्रिड, म्हणजे सरकारी लाइनला जोडलेलं आहे. लाइनमध्ये करंट नसला की त्याचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा, आपोआप बंद पडतो, आणि पडायलाच पाहिजे. नाहीतर तुमच्या छपरावरची वीज उलटी लाइनमध्ये जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी असती तर घर लाइनपासून तुटून आपलं आपण चाललं असतं. बसवणाऱ्यानं हे आधी सांगायला हवं होतं, याचा मला खरा राग येतो.
ऑगस्ट २०१९ आठवा. वेदगंगा यमगर्णीजवळ हायवेवर आली, पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला. टीसी (ट्रान्सफॉर्मर) पाण्याखाली, खांब आडवे. ती वीज कोळशाची होती का वाऱ्याची, यानं त्या रात्री आमच्या घरात काय फरक पडणार होता?

अथणी भाग, ऊस:
पूर दोन आठवड्यांत ओसरतो. दुष्काळाचं बोला. २०२३ ला पावसानं दगा दिला, धरणं भरली नाहीत, म्हणून पाण्याची वीज कमी. सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू, म्हणून मागणी जास्त. आणि ऐन ऑक्टोबरात वारा पडलेला. शेतमोटारीला लागणाऱ्या थ्री-फेज विजेचे तास कापले गेले, रात्री दीडला उठून ऊस भिजवला. एकदा पायाखाली साप आला. ज्या महिन्यात वारा हवा त्याच महिन्यात तो नसतो, हे मी अंगावर काढलंय. आणि वादळाचं म्हणाल तर एप्रिल २०२४ मध्ये ओंकारेश्वरला नर्मदेवरचं तरंगतं सोलार वाऱ्यानं विस्कटलं. त्याच वर्षी सप्टेंबरात यागी वादळानं चीनच्या हैनान बेटावर पवनचक्क्या मोडून पाडल्या.

सौंदत्ती, टॉवरवर चढणारा:
मी पवनचक्कीच्या देखभालीवर आहे, जे रोज बघतो ते लिहितो. सेकंदाला तीन-चार मीटर वारा लागला की वीज सुरू होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट होते, म्हणून थोडा वारा पडला तरी वीज फार घटते. पंचवीस मीटरच्या पुढं, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटरला, पाती वाऱ्याकडं कड करून मशीन स्वतःहून थांबतं. हैनानसारखी चक्रीवादळं आपल्या पठारावर येत नाहीत. आमच्याकडं आषाढ-श्रावणात वारा भरपूर, आणि सोलार मंद असतं तेही तेव्हाच, त्यामुळं दोघांची जोडी जमते. वळवात मात्र हाल होतात. वीज पात्याच्या टोकावर पडते, किंवा लाइन ट्रिप होऊन चांगली चालणारी मशीन उभी राहतात.
ऑक्टोबराबद्दल ऊसवाले मामा बरोबर बोलताहेत. तेव्हा पाती हलत नाहीत.

खानापूर:
दुष्काळात वारा पडला असेल, पण आभाळ निरभ्र होतं की. सोलारला त्यापेक्षा चांगलं काय? कुसुम योजनेत शेताच्या फीडरला, म्हणजे शेतांना वीज पुरवणाऱ्या लाइनला, सोलार जोडायची सोय आहे. तसं झालं तर मोटार दिवसा चालेल, रात्री दीडचा साप टळेल. उन्हाळ्यात पॅनेल तापून वीज घटते, हे खरं. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के. पॅनेल पासष्टला गेलं तर चौदा टक्के गेले, बाकीची मिळतेच.
कोळशाचीही खात्री देऊ नका. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. फेब्रुवारी २०२१ ला अमेरिकेत टेक्सास गोठलं, तेव्हा पवनचक्क्या बर्फानं थांबल्या हे सगळ्यांनी ऐकलं. पण सगळ्यात जास्त वीज गेली ती गॅसच्या केंद्रांची. थंडीसाठी कशाचीच तयारी नव्हती.

अथणी भाग, ऊस:
दिवसा वीज द्या, मी आजच सोलारच्या बाजूनं उभा राहतो. पण खानापूरकर, बॅटरी रात्र काढते. सौंदत्तीला पाणी वर चढवून वीज साठवायचा प्रकल्प ठरलाय, तोही काही तासांचा. पडलेला पाऊसकाळ महिनोन् महिने छळतो. संध्याकाळी सहानंतरच्या ऑक्टोबराला कोळसा लागणारच, तो बंद करू नका एवढंच म्हणतोय.

येळ्ळूरचा शेतकरी:
इन्व्हर्टरचं कारण आज कळलं. तेव्हापासून उगाच उन्हाला बोल लावला. आईचं मशीन ३५० वॅटचं आहे. पाच युनिटची बॅटरी घेतली तर अडीच दिवस निघतील का?

निपाणीकर:
हिशेब करून घ्या. दिवसरात्र चाललं तर आठ-साडेआठ युनिट लागतात. तुमचं पॅनेल उन्हाच्या दिवशी बारा युनिट देईल, दाट ढगात दोन-तीनच. ऊन परतेपर्यंत पाच युनिट म्हणजे चौदा तास, तेही बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर. बॅटरी घ्याच, पण मिरग लागायच्या आधी ऑक्सिजनचे दोन सिलिंडर भरून घरात ठेवा.