किरकटवाडीत जीबीएस: मावशींना कामाला येऊ द्यायचं की नाही?

किरकटवाडीकर (जानेवारी २०२५)

पुण्यात आमच्या सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे (गियान-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण निघतायत. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनाही झालाय, आयसीयूत आहेत. काल कमिटीची मीटिंग झाली. ठरलं काय, तर धुणंभांड्याच्या मावशींना गेटच्या आत घ्यायचं नाही आणि जिन्यात, लिफ्टमध्ये फवारणी करायची. कोविडच्या वेळचं हायपोक्लोराइट स्टोअररूममध्ये पडून आहे म्हणे. मी नको म्हटलं, तर "तुमच्या घरी झालं की कळेल" हे ऐकून घ्यावं लागलं. नळाला पाणी कमी, बाकी टँकर. प्यायला घरोघरी आरओ. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो का? आणि आरओ असला की निश्चिंत राहायचं का?

निवृत्त आरोग्य सहायक

ताई, माझी नोकरी जिल्हा परिषदेची, भोर-वेल्ह्याकडची. उभी हयात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला लावण्यात आणि खरंच टाकलंय का ते बघण्यात गेली. म्हणून जरा लांबण लावतो.

जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आधी पोटात जंतू जातो, जुलाब होतात, बरेही होतात. त्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. तेही हजारात एखाद्याच्या बाबतीत. पुण्यातल्या रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडलाय, काहींत नोरोव्हायरस. हे पोटातून जाणारे जंतू. मावशींना अडवून काय साधणार? उलट त्या राहतात तिथलं पाणी कसं आहे ते विचारा.

फवारणी तर सोडाच. जिना कोणी पीत नाही! शिवाय इतकं जुनं हायपोक्लोराइट म्हणजे जवळजवळ पाणीच, त्यातला क्लोरीन कधीच उडाला असणार.

आता मुद्द्याचं. केंद्राचं पथक आलं, घरोघर सर्वेक्षण सुरू आहे, कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचार जाहीर झाले. चांगलंच आहे. पण तुमच्याकडची गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, तरी तुमच्या शेजारच्या नांदेड गावच्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येत नाही, नुसतं क्लोरीन टाकून सोडतात. म्हणजे सगळी भिस्त क्लोरीनवर. तो तुमच्या नळापर्यंत पोचतो का, हे पथक रोज येऊन बघणार नाही. ते तुम्हीच बघा. पाण्यातला क्लोरीन तपासायचं ओटी टेस्टचं किट स्वस्त असतं. नळीत पाणी घ्या, ओटीचे थेंब टाका, लगेच रंग बघा. पिवळा आला, क्लोरोस्कोपवर (रंग ताडून बघायच्या डबीवर) ०.२ पीपीएम किंवा जास्त दिसला, तर ठीक. रंगच नाही आला तर ते पाणी उकळल्याशिवाय तोंडात घालू नका. टँकर आला की टाकीत सोडायच्या आधी तपासा. जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची, दोन्ही वेगवेगळ्या तपासा.

आरओचं म्हणाल तर त्यातला कार्बन क्लोरीन काढून टाकतो. मशीन नीट असेल तर पाणी शुद्ध येतं, पण पुढे त्याला राखणदार उरत नाही. जार उघडा राहिला, कोणी हात बुडवला, की संपलं. सध्या खळखळ उकळून, झाकून ठेवा आणि ओगराळ्यानेच काढा.

फिजिओथेरपिस्ट, कोथरूड

वर आरोग्य सहायकांनी सांगितलंय ते बरोबर. मी आजाराकडून दोन गोष्टी सांगते. तळपायाला मुंग्या, जिना चढताना पाय लुळे वाटणं, मग हातांत अशक्तपणा, असं खालून वर चढत गेलं तर घरी थांबू नका, विशेषतः अलीकडे जुलाब झाले असतील तर. आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची प्रतिपिंडं) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं, दोन्हींचा फायदा लवकर सुरू केलं तर जास्त. "बी-बारा कमी असेल" म्हणत आठवडा घालवणारे नेहमी भेटतात. बहुतेक लोक पुन्हा चालतात, पण महिने लागतात, आणि घरच्यांचा धीर आधी सुटतो. तुमच्या काकांच्या घरी डबा पोचवा. त्यांच्याकडे जाऊन काही लागत नाही.

खवय्या_धायरी

आणि चिकन? बंद करायचं का? आमच्याकडे रविवारची पंचाईत झालीय.

निवृत्त आरोग्य सहायक

खा हो. आतपर्यंत शिजवा, गुलाबी ठेवू नका. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. त्याची सुरी कांद्याला लावू नका. रस्सा करताना घाई नको, एवढंच.

किरकटवाडीकर

किट आणलं. कमिटीसमोरच केलं, अध्यक्षांच्याच हातून. गच्चीवरच्या टाकीत फिकट पिवळा, टँकरच्या पाइपला रंगच नाही. टँकरवाला म्हणाला, "मॅडम, बोअरचं पाणी आहे, एकदम गोड." परत पाठवला. दुपारी क्लोरीन टाकून आला, तेव्हा पिवळा आला. मावशी उद्यापासून येणार. फवारणीवर मात्र दोघे-तिघे अजून अडून बसलेत.

निवृत्त आरोग्य सहायक

फवारू द्या त्यांना जिना, जीव रमेल. टँकरवाल्याला ती बोअर कुठे आहे ते विचारा, आणि जवळ नाला किंवा शोषखड्डा आहे का ते स्वतः जाऊन बघून या.