प्रश्न सीसीचा नाही, पट्ट्याचा आहे

एटीव्ही, म्हणजे खडबडीत रानात चालणारी जाड चाकांची गाडी, पोलारिस कंपनीची भारी की कॅन-ॲमची, असा प्रश्न निघाला की लोक सीसी आणि हॉर्सपॉवर मोजतात. ताकदीची चढाओढ आहेच, पण आमच्या पाचगणीकडच्या जांभ्याच्या चिखलात निकाल इंजिन लावत नाही, गिअरबॉक्स लावतो. या दोघांच्या बहुतेक एटीव्हीत ताकद सीव्हीटीतून जाते, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी दोन पुल्यांवर फिरणाऱ्या रबरी पट्ट्यातून. होंडाच्या फोरट्रॅक्स रँचरमध्ये पट्टाच नाही, सरळ दातेरी गिअर आणि तेलात चालणारा क्लच. यामाहाने ग्रिझलीत पट्टा ठेवला, पण तो सतत ताणलेला राहील अशी रचना केली, त्यामुळे उतारावर इंजिन गाडी धरून ठेवतं. खरी स्पर्धा मला इथे दिसते.

साताऱ्यात माझं गॅरेज आहे. पाचगणीजवळच्या एका खाजगी माळावर चालणाऱ्या दोन एटीव्ही (कंपनी सांगत नाही) माझ्याकडे येतात. गेल्या जुलैत एक आली ती जळक्या रबराचा वास घेऊनच. सीव्हीटीच्या डब्याचा खालचा बूच काढला तर लालसर पाणी गळालं, आणि पट्ट्यावर एकाच जागी बोटभर खड्डा. गाडी रुतलेली असताना पोरांनी ‘हाय’वरच (वेगाच्या गिअरवर) रेस केली होती, पुली फिरत राहिली, पट्टा जागच्या जागी भाजला. नवा पट्टा यायला तीन आठवडे लागले, ऐन गर्दीच्या दिवसांत गाडी उभी. चढ, चिखल, ओझं यांपैकी काहीही असलं तरी आधी ‘लो’ (संथ पण जोराचा गिअर) टाका.