कॅन्सरची केमो चालू असताना मन आणि अंग कशात रमवलंत?

गोदाकाठची
आज कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक ताई दिसल्या. डोक्याला स्कार्फ, नवऱ्याचा हात धरून सावकाश चालत होत्या. माझी केमो आठवली. घरचे म्हणायचे "पडून राहा", आणि पडून पडून थकवा वाढतच जायचा. शेवटी डॉक्टरच म्हणाले, झेपेल तेवढं रोज चाला. आधी सोसायटीच्या गेटपर्यंत, मग दूधवाल्यापर्यंत, मग ट्रॅकवर. रात्री झोप लागू लागली, हा मोठा फायदा. तुम्ही काय करायचात? चालणं, वाचन, विणकाम, काहीही लिहा.

मोगरा७
केमोचं लाल औषध दिलं की दोन-तीन दिवस काहीच नाही. नंतर क्रोशे. पुढच्या औषधाने, पॅक्लीने (पॅक्लिटॅक्सेल), बोटांची टोकं बधिर झाली, सुई हातात आहे की नाही तेच कळेना. मग जाड सुई, जाड लोकर. जावेच्या नातीचं टोपडं त्यातच झालं. कुकर झाला, येते परत.

बापू_नाशिकरोड
आमच्या हिला वाचनाचं वेड, पण ओळी डोक्यात राहीनात. सावानातून (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) पुस्तकं आणायचो आणि मीच मोठ्याने वाचायचो. १८४० सालचं वाचनालय आपलं! मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेला गोदाघाटावर जायचा हट्ट धरला होता तिने. काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) उतरलेले, डॉक्टर म्हणाले गर्दी नको. खूप हिरमुसली हो.

सिडकोची_लेक
बापूकाका, काकूंना नमस्कार सांगा. आईला ऑक्सालीप्लॅटिन होतं, त्या केमोत गार काही सोसत नाही, आणि नाशिकचा डिसेंबर! गेटच्या लोखंडी कडीला हात लागला तरी झिणझिण्या यायच्या. पहाटेचं फिरणं बंद करून दुपारी उन्हात नेऊ लागलो. हातमोजे, मोजे, प्यायला कोमट पाणी.

चिवडा
मिसळ कोणी खाल्ली का मधे? 😀

मोगरा७
तोंड आलेलं असताना? नाव नको काढूस रे! दहीभातावर दिवस काढले. सगळं संपल्यावर मात्र तर्री मागून घेतली.

अंगणातली_तुळस
काखेतल्या गाठी काढल्यावर सगळे म्हणाले त्या हाताने काही उचलू नकोस, सूज येईल. मी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नव्हते. खांदा आखडला. फिजिओताईंनी भिंतीवर बोटं चढवायला लावली, रोज कालच्या खुणेच्या थोडं वर. मग अर्ध्या किलोचं डंबेल. २००९ साली अमेरिकेत यावर अभ्यास झाला होता म्हणे, वजन बेताबेताने वाढवलं तर हाताची सूज वाढत नाही. पण फिजिओला विचारूनच करा बायांनो, मनाने नको. कुंड्यांची माती हातमोजे घालूनच.

गोदाकाठची
तुळसताई, हे फार कामाचं. खांद्याबद्दल आधी कोणी सांगतच नाही.

पोहणारा
माझी पिक लाइन (औषधासाठी दंडातून घातलेली नळी) निघेपर्यंत तरणतलाव बंद होता. फार चुकल्यासारखं वाटायचं. मग मित्राने दुर्बीण दिली आणि गच्चीत खुर्ची टाकून पक्षी बघायला लागलो. आता दर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य.

बापू_नाशिकरोड
पोहणारे, तिथे फार चालावं लागतं का? हिचे पाय अजून बधिर असतात. रामसरचा (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीचा) मान मिळाल्यापासून म्हणतेय घेऊन चला.

पोहणारा
पक्षी बघायच्या मनोऱ्यापर्यंत थोडं चालणं आहे काका. मनोरा चढायची गरज नाही, काकूंना खाली खुर्ची टाकून देऊ. पकडीचे बूट हवेत, सपाता नकोत. दुर्बीण माझी आहेच. थंडी सुरू झाली की फोन करतो.

सिडकोची_लेक
आम्हालाही कळवा! आई लगेच विचारतेय डबा काय न्यायचा.