दोन वर्षांच्या आतल्या पोराला गाण्या-गोष्टींच्या कार्यक्रमाला न्यावं का?

घोडबंदरची आई: आमच्याजवळच्या हॉलमध्ये रविवारी गोष्टींचा कार्यक्रम आहे. पेटी, ढोलकी, मुलांनी मधेमधे टाळ्या वाजवायच्या, पावसाचे आवाज काढायचे. पाऊण तासाचा आहे. चिरंजीव २२ महिन्यांचे, एका जागी बूड टेकत नाहीत. सासूबाई म्हणतात ने, नवरा म्हणतो पैसे पाण्यात. तुम्ही काय कराल?

मासुंदाकाठ: नेणार नाही. मी गडकरी रंगायतनला बालनाट्यं बघतच वाढलो, पण कळत्या वयात. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर काढलं तेव्हापासूनची आपली बालरंगभूमी म्हणजे राक्षस, चेटकिणी, पूर्ण लांबीची गोष्ट. २२ महिन्यांच्या जिवाला त्यातलं काय झेपणार? हौस आईबाबांची, रडं पोराचं.

वाशीकर मावशी: अहो, हे बालनाट्य नाहीच. इथे अंधार नसतो, सतरंजीवर बसायचं, एकच ओळ दहादा येते. या वयाला तेच तर हवं असतं! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचना बघा: दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन नकोच, बसल्या वेळी गोष्टी सांगा, वाचून दाखवा.

मासुंदाकाठ: मावशी, ते सांभाळणाऱ्या माणसाने सांगायचं आहे. घरात आजी असताना तिकीट कशाला? आणि स्पीकरचं काय? त्याच संघटनेची मुलांसाठीची मर्यादा आहे ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास. त्यावर आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. आपल्याकडे हॉलवाले आवाज कधी कमी ठेवतात?

वाशीकर मावशी: आवाजाचं मान्य. पण आजीकडे ढोलकी नाही, आणि शेजारी वीस पोरं एकदम बेडूक होऊन ओरडत नाहीत.

ऐरोलीची गोष्टीवाली: मी असे कार्यक्रम करते, म्हणून सांगते. लहानगी पाठ करून बसतात, फिरतात, चप्पल चावतात. चालतं. ऐकत असतात, ताल थांबला की झटकन वळून बघतात. त्रास होतो तो पोराचे हात धरून जबरदस्तीने टाळ्या वाजवणाऱ्या पालकांचा. आणि रडू लागलं तरी ‘पैसे दिलेत’ म्हणून बसून राहणाऱ्यांचा. दाराजवळ बसा, स्पीकरपासून लांब. झोपेची वेळ असेल तर मात्र येऊच नका.

मासुंदाकाठ: माइकशिवाय करता?

ऐरोलीची गोष्टीवाली: तीस-चाळीस मुलं असली तर हो. त्याहून जास्त घेतच नाही.

मासुंदाकाठ: मग ठीक. माझा विरोध दोनशे खुर्च्यांच्या हॉलला आहे.

घोडबंदरची आई: आयोजकांना फोन केला. माइक आहे, पण मुलं साठच. कार्यक्रम अकराला, आमची झोप एकला. सासूबाईंना घेऊन जातेय. नवऱ्याचं तिकीट काढलेलं नाही.