माशाचे डोके, काटा, खवले: कचरा की प्रथिनांचा साठा?

गणेशपेठकर
गणेश पेठेच्या मासळी बाजारात मासे साफ करणाऱ्यांच्या पाटाखालची टोपली पाहिली, की ती कचऱ्याची आहे असे मला वाटत नाही. हॉटेलांसाठी चिलापीचे बोनलेस काढतात तेव्हा किलोमागे जेमतेम तिसरा हिस्सा मांस हाती लागते. डोके, मधला काटा, कातडी, खवले आणि आतडी टोपलीत जातात. तुकडीत असतात तीच प्रथिने काट्याला चिकटलेल्या मांसातही असतात, आणि ज्वारी-गव्हात कमी पडणारे लायसीन हे अमायनो आम्ल त्यांत भरपूर असते. हे सारे वाटून, पाण्यात पपईतल्या पपेनसारखे विकर (एन्झाइम) घालून मंद उष्णतेवर काही तास ठेवले, की प्रथिने तुटून विरघळतात, तेल वर येते, काटे तळाशी बसतात आणि मधले पाणी वाळवून भुकटी करता येते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने या विषयावर बरेच काम केले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली असताना आपण ही प्रथिने कोंबडीखाद्याला किंवा उकिरड्याला द्यावीत, हे मला पटत नाही.

आहारचिकित्सक, कोथरूड
आपल्या मांडणीत 'प्रथिने' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना झाकतो आहे. कातडी आणि खवल्यांतले प्रथिन म्हणजे मुख्यतः कोलॅजेन, आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमायनो आम्ल नसतेच. त्यामुळे एकटे कोलॅजेन प्रथिनांच्या गुणवत्तेच्या मोजपट्टीवर शून्यावर येते. शिवाय प्रथिने किती आहेत हे ठरवायला प्रयोगशाळेत नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणण्याचा प्रघात आहे. कोलॅजेनमध्ये नत्राचे प्रमाण जास्त असल्याने त्याचा खरा गुणक ५.५५ च्या आसपास असतो, म्हणजे ६.२५ ने गुणून काढलेला कोलॅजेन-भुकटीच्या डब्यावरचा आकडा मुळातच फुगलेला असतो. कोलॅजेनने सांधे सुधारतात या प्रचलित दाव्याचे म्हणाल, तर युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये कोलॅजेन हायड्रोलायझेटबाबत (तोडून विरघळवलेल्या कोलॅजेनबाबत) कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असेच मत दिले. तरीही आपल्या शहरात त्याचे डबे किती किमतीला विकले जातात ते एकदा पाहावे.

माहेर रत्नागिरी
मुळात कचरा म्हणायचे कोणी? सुरमईच्या डोक्याचे कालवण आणि गाबोळी आमच्याकडे पहिल्यांदा संपते. आज डोकी स्वस्त मिळतात म्हणून अनेक घरांत मासे शिजतात. कारखाने ती उचलू लागले, तर भाव वाढेल आणि ज्यांच्या पोषणाची आपल्याला काळजी आहे त्यांच्याच ताटातून ती जातील.

गणेशपेठकर
कोलॅजेनचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मी कातडी-खवले बाजूला काढतो. अशा प्रथिनांनी रक्तदाब उतरतो, असाही दावा मी केलेला नाही, जरी जपानमध्ये तारलीच्या प्रथिनांपासून त्यासाठी मिळवलेले पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) विशेष आरोग्य-अन्न म्हणून मान्यता मिळवून बाजारात आहे. माझा आग्रह काट्यावरच्या मांसापुरताच आहे.

आहारचिकित्सक, कोथरूड
मग सुरक्षिततेकडे वळू, कारण माझी खरी हरकत तिथे आहे. माशाचे कल्ले आणि आतडी सर्वांत आधी बिघडतात, आणि आपल्या टोपलीत सगळे एकत्र पडलेले असते. बांगडा किंवा तारली बर्फाविना राहिली, तर जिवाणू तिच्यातील हिस्टिडीन या अमायनो आम्लापासून हिस्टामीन तयार करतात, आणि त्याने अॅलर्जीसारखी विषबाधा होते. ते उकळून जात नाही, वाळवूनही जात नाही. कोकणातून रात्रभर बर्फात येऊन इथे कापलेल्या मासळीचे अवशेष मे महिन्यात दुपारपर्यंत उघड्यावर ठेवून त्यांची भुकटी लहान मुलांना द्यायची, ही कल्पनाच मला अस्वस्थ करते. माशाची अॅलर्जी हा आणखी एक मुद्दा. लेबलवर मासा हा घटक ठळक लिहिणे आपल्याकडेही बंधनकारक आहे, पण ही भुकटी शाळेतल्या खिचडीत घातली, तर तिला लेबल नसते. अमेरिकेने १९६७ मध्ये संपूर्ण हेक माशाच्या प्रथिन-भुकटीला परवानगी दिली होती आणि कुपोषणावरचा उपाय म्हणून तिचा मोठा गाजावाजा झाला होता. काही वर्षांतच तो प्रकल्प बारगळला.

गणेशपेठकर
हिस्टामीनचा धोका प्रामुख्याने बांगडा-तारलीसारख्या समुद्री माशांत असतो. उजनीची चिलापी भिगवणहून काही तासांत पुण्यात पोहोचते आणि तिच्यात हिस्टिडीन कमी असते. तिचे काटे वेगळ्या भांड्यात, बर्फावर जमवता येतील.

माहेर रत्नागिरी
उजनीत आपल्याच मुळा-मुठेचे सांडपाणी जाते, हे विसरलात वाटते.

गणेशपेठकर
विसरलो नाही. म्हणूनच जड धातू जिथे जास्त साठतात ते यकृत आणि मूत्रपिंड वगळायचे आणि प्रत्येक खेप तपासायची.

आहारचिकित्सक, कोथरूड
आता आपण आतडी, खवले, कातडी आणि सगळी समुद्री मासळी वगळली आहे, आणि डोकी तर ताईंच्या म्हणण्याप्रमाणे आधीच विकली जातात. उरला मधला काटा. पण पुण्यातल्या घरांत मासा तुकड्या करून काट्यासकटच शिजतो. मोकळा काटा फक्त हॉटेलांच्या बोनलेसमागे उरतो, आणि तेवढ्यावर बर्फ, विकर, वाळवणी यंत्र आणि तपासणीचा खर्च निघेल का, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. जिथे राणी माशाची सुरिमी (धुतलेल्या मांसाचा लगदा) बनते आणि ताज्या माशाचे काटे एकाच छताखाली शीतगृहाशेजारी टनांनी पडतात, तिथे रत्नागिरीत हा प्रयोग व्हावा, यास माझा विरोध नाही.

गणेशपेठकर
काट्याचा हिशेब मी चुकवला, हे खरे. पण रत्नागिरीतले काटे आज फिशमीलला (पशुखाद्यासाठीच्या मासळीच्या पुडीला) जातात आणि तो भाव ठरलेला आहे. माणसाच्या अन्नासाठी त्याहून जास्त कोण मोजेल, हे आधी ठरवावे लागेल.