बहिणीच्या दातांवर तपकिरी रेघा, लग्नाला नऊ आठवडे: दात पांढरे करायचा सुरक्षित मार्ग कोणता?

पूर्णाकाठ
नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारायलोय. वय 24, लग्न नऊ आठवड्यांवर आलंय. गाव परभणी जिल्ह्यात, लहानपणापासून पिण्याला बोअरचंच पाणी. दातांचा एकूण रंग पिवळसर आहे आणि वरच्या समोरच्या चार दातांवर आडव्या पांढुरक्या-तपकिरी रेघा आहेत. त्यातल्या एका दाताला शाळेत असताना पडून मार लागला होता, तो हळूहळू राखाडी झालाय, पण दुखत नाही. शेजारच्या दाताचा तुटलेला कोपरा दाताच्या रंगाच्या सिमेंटनं भरलेला आहे. तंबाखू, मिसरी काही नाही. चहा दिवसातून तीन-चारदा.

घरचे तीन गोष्टी सुचवायलेत: कोळशाची पावडर, दातांवर चिकटवायच्या ऑनलाइन मिळणाऱ्या पट्ट्या आणि पार्लरमधलं 'लेझर व्हाइटनिंग'. यातलं सुरक्षित काय? नुसतं क्लिनिंग करून भागेल का? क्लिनिंगनं दात ढिले होतात म्हणतात, ते खरं का?

दंतवैद्य_नांदेड
भाऊ, तुम्ही एका तोंडातल्या पाच वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्यात आणि पाचांचा इलाज वेगळा आहे. 'दात पांढरे करायचे' म्हणून सगळ्यांवर एकच औषध लावलं की तिथंच फसतं.

चहाचा थर दाताच्या वर बसतो. तो स्केलिंग आणि पॉलिशिंगनं, म्हणजे दवाखान्यातल्या क्लिनिंगनं निघतो, त्यासाठी ब्लीचची गरज नाही. एकूण पिवळेपणा डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या थराचा असतो, वरच्या कडक इनॅमलमधून तो दिसतो. तिथं पेरॉक्साइडचं ब्लीच चालतं. आडव्या रेघा बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडच्या वाटतात, पण ते दात बघूनच ठरवायचं. राखाडी दाताची नस मेलेली असू शकते. आणि भरलेल्या सिमेंटचा रंग कोणत्याही ब्लीचनं बदलत नाही. बाकीचे दात उजळले की तोच कोपरा पिवळा उठून दिसतो, म्हणून तो शेवटी बदलायचा.

क्लिनिंगनं दात ढिले होत नाहीत. ज्यांना तसं वाटतं त्यांच्या हिरडीखाली किटण साचून आतलं हाड आधीच झिजलेलं असतं आणि किटणानंच दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात. ते काढलं की मुळातली ढिलाई कळते. दोन दातांमधली फट मोकळी झाल्यामुळंही दोन-चार दिवस तसं वाटतं. 24 व्या वर्षी हिरड्या बऱ्या असतील तर काळजी नको.

कोळशाची पावडर आणूच नका. ती खरखरीत असते, इनॅमल घासून काढते. इनॅमल पुन्हा येत नाही. ते पातळ झालं की आतला पिवळा डेंटिन जास्तच दिसतो, म्हणजे पांढरं करायला गेलो आणि पिवळं झालं. शिवाय काळे कण हिरडीच्या कडेला आणि सिमेंटच्या सांध्यात अडकतात. लिंबू आणि खायचा सोडा हा दुसरा घरगुती उपाय. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) 2 च्या आसपास असतो आणि इनॅमल 5.5 च्या खाली विरघळायला लागतं. रस लावून लगेच ब्रश केला तर मऊ पडलेला थर सरळ घासला जातो. गेरू घातलेली लाल मंजनं रोज बोटानं घासली तर तेही तसंच.

पार्लरचं 'लेझर' म्हणजे बहुतेक ठिकाणी निळा एलईडी दिवा. काम करतं ते जेल, दिव्यानं शेवटच्या रंगात फरक पडत नाही. दवाखान्यात 35 ते 40 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरताना हिरडीवर आधी रेझिनची (दातांच्या कामातल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाची) पट्टी घट्ट बसवतात, कारण इतकं तीव्र जेल हिरडीला लागलं की ती पांढरी पडून भाजते. आधी दात तपासलेले नसतील आणि एखाद्याला कीड किंवा चीर असेल तर जेल आतपर्यंत जाऊन रात्रभर ठणका लागतो. त्या तासाभरात दिसणारा पांढरेपणाही सगळा खरा नसतो: तोंड उघडं ठेवून दात कोरडे पडलेले असतात, दोन-तीन दिवसांत ओलावा परतला की रंग बराच खाली येतो.

ऑनलाइन पट्ट्यांमध्ये चांगल्या असतात, पण पाकिटावर पेरॉक्साइडचं प्रमाण आणि तारीख छापलेली नसेल तर घेऊ नका. वाकड्या दातांवर पट्टी नीट बसत नाही आणि फटींजवळ पिवळी कड तशीच राहते. तुमच्या बहिणीच्या राखाडी दातावर आणि रेघांवर तर पट्टीचा फारसा उपयोगच नाही.

आता रेघांबद्दल, कारण इकडं सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. फ्लोरोसिसच्या, म्हणजे फ्लोराइडनं डागाळलेल्या दातांवर सरळ ब्लीच केलं की पहिल्या आठवड्यात पांढरे ठिपके आणखी पांढरे होतात. आरशात बघून पेशंट घाबरतो आणि मध्येच सोडून देतो. तो टप्पा असतो, पुढं बाकीचा दात उजळला की फरक कमी होतो. तपकिरी डाग वरवरचा असेल तर मायक्रोअब्रेजन: साधारण 6.6 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक खरखरीत कणांची पेस्ट, रबर डॅम (बाकी तोंड झाकणारा रबराचा पडदा) लावून, थोडी-थोडी घासायची. यात इनॅमलचा मिलिमीटरचा अगदी छोटा अंश जातो, म्हणून हे दवाखान्यातच. पांढरे ठिपके खोल असतील तर रेझिन इन्फिल्ट्रेशन: आम्लानं पृष्ठभाग उघडून पातळ रेझिन आत मुरवतात आणि ठिपका आजूबाजूच्या रंगात मिसळतो. ब्लीच करायचंच असेल तर ते आधी, रेझिन नंतर.

राखाडी दाताचा आधी एक्स-रे आणि थंडाची चाचणी. काही दात मार लागल्यावर रंग बदलतात पण जिवंत असतात, त्यांची नस उगाच काढू नये. नस मेलीच असेल तर रूट कॅनल, आणि मग दात आतून पांढरा करायचा.

ट्रे_लॅब
घरी करायच्या ब्लीचबद्दल थोडं सविस्तर लिहितो. त्यात जेल भरलेला ट्रे, म्हणजे दातांच्या मापाचं मऊ आवरण, रात्री दातांवर घालतात. तो नीट नसला तर चांगलं जेलही वाया जातं.

अल्जिनेटनं (दातांचा ठसा घ्यायच्या मऊ पेस्टनं) माप घेतात, त्यावरून दगडी प्लास्टरचा साचा, आणि साधारण 1 मिलिमीटरची मऊ ईव्हीए प्लास्टिकची शीट गरम करून व्हॅक्यूमनं त्यावर ओढतात. ट्रेची कड हिरडीच्या रेषेवरून वळणावळणानं कापलेली हवी. सरळ कापला तर जेल हिरडीवर साठतं. घालून बघताना कुठं टोचत असेल तर त्याच दिवशी घासून घ्या. 'सवय होईल' म्हणून घरी नेऊ नका.

जेल 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं घ्यावं. त्यातून सुमारे 3.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, रात्रभर हळूहळू सुटतं. 16 किंवा 20 टक्क्यांनी रंग लवकर येतो, पण झिणझिण्याही वाढतात, आणि शेवटी दोन्हीचा रंग जवळपास तिथंच पोहोचतो. तुमच्याकडं नऊ आठवडे आहेत, घाई करायचं कारण नाही.

रात्री ब्रश आणि फ्लॉस (दातांच्या फटी दोऱ्यानं साफ) करून ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या समोरच्या बाजूला ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान थेंब ठेवायचा. ट्रे बसवला की कडेनं आलेलं जेल ओल्या कापसानं किंवा मऊ ब्रशनं पुसायचं. सहा ते आठ तासांनी काढून साध्या पाण्यानं धुवायचा. गरम पाण्यात टाकला की ट्रे आकसतो आणि पुन्हा बसत नाही. नेहमीचा पिवळेपणा दोन ते तीन आठवड्यांत उतरतो. तंबाखूचे जुने डाग असले तर एक ते तीन महिने, आणि लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घेतल्यानं दात राखाडी-निळे झाले असतील तर सहा महिनेही लागतात.

जेल फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडं 42-43 अंश होतं, कुरियरच्या डब्यात चार दिवस पडलेल्या पेरॉक्साइडचा जोर कमी झालेला असतो. दवाखान्यातून, थंड ठेवलेलं घ्या.

झिणझिण्या आल्या तर एक रात्र सोडा आणि 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट ट्रेमध्ये भरून 15-20 मिनिटं ठेवा. तीच पेस्ट ब्लीचच्या दोन आठवडे आधीपासून वापरली तर त्रास बराच कमी होतो.

भूजल_निरीक्षक
दातांचा इलाज वर आलाच आहे. पाण्याबद्दल लिहितो, कारण घरात दुसरी लहान मुलं असतील तर ते जास्त महत्त्वाचं आहे.

फ्लोराइडनं दातांवर डाग पडतात ते दात हिरडीच्या आत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत. समोरच्या कायमच्या दातांसाठी पहिली तीन-चार वर्षं सगळ्यात नाजूक. बहिणीचे डाग आता पाण्यानं वाढणार नाहीत, पण भाच्या-पुतण्यांचे पडू शकतात. मोठ्यांच्या हाडांवरही पुढं परिणाम होतो.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत मान्य आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. नांदेडच्या पूर्वेला किनवट, देगलूर, बिलोलीकडं ग्रॅनाइटचा खडक लागतो आणि तिथल्या खोल बोअरमध्ये फ्लोराइड जास्त सापडतं. पण बेसाल्टमध्येही एका बोअरला 0.6 आणि दोनशे मीटरवरच्या दुसऱ्याला 2 असं निघतं, म्हणून शेजाऱ्याच्या रिपोर्टवर जाऊ नका. स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत लिटरभर पाणी घ्या, बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा खंगाळा, आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. काचेची बाटली नको, फ्लोराइड काचेशी रासायनिक क्रिया करतं.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. वाफ उडते आणि राहिलेल्या पाण्यात प्रमाण वाढतं. तुरटी नुसती फिरवून गाळ बसतो, फ्लोराइड नाही. कँडल फिल्टरनंही नाही. आरओनं जातं. तोपर्यंत लहानग्यांना पावसाचं साठवलेलं किंवा नळयोजनेचं तपासलेलं पाणी द्या.

पूर्णाकाठ
सगळ्यांचे आभार, इतकं कुणी सांगितलं नव्हतं. दोन शंका. नऊ आठवड्यांत हे सगळं कोणत्या क्रमानं बसवायचं? आणि आई मिसरी लावते, तिचे दात काळे आहेत. तिलाही ब्लीच चालेल का?

दंतवैद्य_नांदेड
आईंचं आधी. मिसरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखूच. टूथपेस्ट-मंजनांत तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घरी भाजलेल्या मिसरीला कोण थांबवणार. ती सुरू असताना ब्लीच करणं म्हणजे पैसे पाण्यात, महिन्याभरात दात पुन्हा तसेच. त्यांचं स्केलिंग करा, काळेपणा बराचसा त्यातच जाईल. पण त्याआधी डॉक्टरांना गालाच्या आतली बाजू, जिभेची कड आणि हिरडीचा मिसरी लावायचा कोपरा नीट बघायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर दात राहू द्या बाजूला, त्याची तपासणी लगेच.

आता क्रम. पहिल्या आठवड्यात तपासणी, राखाडी दाताचा एक्स-रे, स्केलिंग, पॉलिशिंग आणि ट्रेचं माप. कीड असेल तर ती भरून घ्या. पहिल्याच दिवशी शेड गाइडचा (दातांच्या रंगछटांच्या नमुन्यांचा) तुकडा दाताजवळ धरून खिडकीच्या उजेडात फोटो काढायला सांगा, नाहीतर तीन आठवड्यांनी 'फरकच पडला नाही' असं वाटतं.

नस मेलेली निघाली तर दुसऱ्या आठवड्यात रूट कॅनल. मग मुळातल्या भरणावर 2 मिलिमीटर ग्लास आयनोमर सिमेंटचं झाकण, वर सोडियम परबोरेट (रंग उडवणारी पावडर) पाण्यात कालवून ठेवतात आणि तात्पुरतं बुजवतात. चार ते सात दिवसांनी बदलायचं, दोन ते चार फेऱ्यांत रंग येतो. झाकण न घालता किंवा तीव्र पेरॉक्साइड गरम करून आत घातलं तर पुढं काही वर्षांनी दाताची मान बाहेरून पोखरली जाते, म्हणून 'झाकण घातलं का' हे विचारायला संकोच करू नका.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात रात्रीचा ट्रे. आतून चाललेला दात आणि बाकीचे दात एकत्रच उजळत जातील, दोन्हीचा मेळ बसवता येतो. पाचव्याच्या शेवटी थांबायचं.

मग दोन आठवडे काहीच नाही. ब्लीचनंतर इनॅमलमध्ये ऑक्सिजन राहतो, त्यावर सिमेंट आणि रेझिन घट्ट चिकटत नाहीत. शिवाय रंग स्थिर व्हायलाही तेवढे दिवस लागतात. आठव्या आठवड्यात उरलेल्या रेघांवर मायक्रोअब्रेजन किंवा इन्फिल्ट्रेशन, राखाडी दाताचं कायमचं भरण, आणि शेवटी नव्या शेडप्रमाणे तुटक्या कोपऱ्याचं सिमेंट. नववा आठवडा कडा-पॉलिशसाठी मोकळा ठेवा.

खाजगीत जमत नसेल तर छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथं फेऱ्या जास्त होतील, पण रूट कॅनल आणि तपासणी नीट होते. बहीण गरोदर असण्याची शक्यता असेल किंवा वय 18 च्या आत असेल तर ब्लीच नाही. इथं तो प्रश्न नाही, पण हा धागा वाचून धाकट्या मुलींसाठी कुणी जेल आणू नये म्हणून लिहिलं.

ट्रे_लॅब
वरच्यात एक भर: ट्रे चालू असताना हळदीच्या रश्श्यानंतर आणि चहानंतर निदान चूळ भरून तासाभरानंच ट्रे घालायला सांगा. आणि लग्नाआधी हिरड्या सुजल्या म्हणून क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश कुणी दिला तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको, त्यानंही दात तपकिरी होतात. लग्नानंतर ट्रे फेकू नका. वर्षा-दोन वर्षांनी रंग उतरला की एक-दोन रात्री जेल घातलं की पुरतं, नवा ट्रे करावा लागत नाही.