ट्राजन स्तंभातला चक्री जिना: जनतेसाठी की डागडुजीसाठी?

धागालेखक: रोममधल्या ट्राजन स्तंभाचा (इ.स. ११३) विषय निघाला की सगळे बाहेरच्या शिल्पपट्टीवर बोलतात आणि आतल्या १८५ पायऱ्यांचा उल्लेख ओझरता होतो. माझ्या मते हे न्याय्य नाही. रोमन सम्राट ट्राजनच्या चौकासाठी किती उंचीची टेकडी खोदून हलवली हे दाखवण्यासाठी स्तंभ उभारल्याचे त्याच्या जोत्यावरील शिलालेखच सांगतो. ती उंची खऱ्या अर्थाने कळते ती वरच्या सज्ज्यात उभे राहिल्यावर. म्हणून जिना हा या रचनेचा गाभा आहे.

प्रतिसाद १: असहमत. शिलालेखात जिन्याचा शब्दही नाही, आणि उंची दाखवायला स्तंभाची उंची पुरेशी आहे. माथ्यावर सम्राटाचा पुतळा होता, त्याच्या देखभालीसाठी माणूस वर पोहोचणे भागच होते. आत उजेड येतो तो अरुंद फटींतून, आणि त्या फटी शिल्पपट्टीच्या मधूनच पाडलेल्या आहेत. लोकांनी रांगेने चढावे असा बेत यात कुठे दिसतो?

धागालेखक: निव्वळ डागडुजीसाठी इतका खटाटोप कोणी करत नाही. पायऱ्या वेगळ्या बसवलेल्या नाहीत, त्या सुमारे ३.७ मीटर व्यासाच्या संगमरवरी ठोकळ्यांतूनच कोरून काढल्या आहेत. शिवाय एक फेरा १४ पायऱ्यांत पुरा होतो. वर्तुळाचे १२ किंवा १६ भाग करणे सोपे, १४ करणे किचकट. तरीही आज जिना जवळजवळ एकसारखा आहे आणि ठोकळ्यांचे सांधे नीट जुळतात. जर्मन कवी गोएथे जुलै १७८७ मध्ये याच पायऱ्यांनी वर गेला होता.

प्रतिसाद २: गोएथेची साक्ष सोळाशे वर्षांनंतरची आहे, ती प्राचीन हेतूसाठी चालणार नाही. पाथरवटांचे कौशल्यही कारागिरी सिद्ध करते, प्रयोजन नव्हे. मुळात चक्री जिना रोमचा शोधच नाही. सिसिलीतील सेलिनुंते येथील ग्रीकांच्या ‘अ’ मंदिरात (इ.स.पू. पाचव्या शतकाचा पूर्वार्ध) गाभाऱ्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंना असे जिने होते. ते आढ्याकडे नेणारे, म्हणजे तिथेही काम सेवेकऱ्याचेच. जागा कमी, म्हणून गोल.

धागालेखक: सेलिनुंतेचा दाखला मान्य, निष्कर्ष अमान्य. एखादी वस्तू सुरुवातीला कशासाठी वापरली यावरून सहाशे वर्षांनी तिचा वापर ठरत नाही. पुढचा सम्राट मार्कस ऑरेलियस याच्या रोममधल्या स्तंभातही तसाच जिना घातला गेला. तो केवळ सोयीचा असता, तर लाकडी परांचीने भागले नसते का?

प्रतिसाद १: इतक्या उंचीवर कायमची परांची उभी ठेवणार कोण? आणि रोममधल्याच सम्राट कॅराकॅलाच्या स्नानगृहांत जाड भिंतींच्या पोटात चक्री जिने आहेत. तिथून कोणताही देखावा दिसत नाही, वरच्या भागात जायला ते उपयोगी पडत, एवढेच.